ट्रॅफिकमुळे दोन घरं

२ मार्च, सोमवार

राजीनामा दिला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेल पाठवला आणि मग अर्धा तास बाथरूममध्ये दार लावून बसलो. सोळा वर्षांची नोकरी आणि चार ओळींचा मेल. त्यातली एक ओळ ‘वैयक्तिक कारणांमुळे’. अभिमन्यू, माझा साहेब, माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. काचेच्या खोलीत बोलावून त्याने हिंदीत विचारलं, "कहाँ जा रहे हो?" कुठेच नाही म्हटलं तर त्याला पटेना. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस कुठेही न जाता नोकरी सोडतो, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. नव्वद दिवसांची नोटीस आहे, म्हणजे २९ मे शेवटचा दिवस.

चंदनाला आत्ता सांगायचं नाही. २८ जूनला माझी पहिली ट्रायथलॉन आहे. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळायचं. ती पूर्ण करायची आणि तिथेच, घामाघूम उभं राहून तिला सांगायचं. नऊ वर्षं ती म्हणत आली की या नोकरीने माझा नवरा खाल्ला. घे म्हणावं, आणलाय परत.

१६ जुलैला कोर्टाची दुसरी तारीख. दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा तर कायदा सहा महिने थांबायला लावतो, मन बदलायचं असेल तर बदलावं म्हणून. त्या दिवशी दोघांतल्या एकानेही ‘नको’ म्हटलं की सगळं थांबतं. हे कलम मी इतक्यांदा वाचलंय की आता वकिलालाच शिकवीन.

ही वही मराठीत लिहितोय, कारण मराठी बोलायला घरात कोणी उरलेलं नाही. संध्याकाळी कुलूप उघडलं की घर खायला उठतं.

६ मार्च, शुक्रवार

पोहायला मी जयनगरला जातो. व्हाइटफील्डमध्ये आमच्याच अपार्टमेंटच्या खाली स्विमिंग पूल आहे, तरी पहाटे साडेचारला उठून वीसेक किलोमीटर गाडी हाकतो. आमचे कोच रघुनंदनराव, निवृत्त पी.टी. मास्तर, बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांतले. त्यांनी आज विचारलंच, "तुमच्या व्हाइटफील्डात पाणी नाही की काय?" इथे शिकवणं चांगलं आहे, असं मी म्हटलं. ते हसले. चंदनाचं जे. पी. नगरचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

जानेवारीपासून शिकतोय आणि अजून पाण्यात श्वास सोडता येत नाही. "सोडा की, उपेंद्रराव! धरून काय ठेवता? स्वल्प निधाना," ते काठावरून ओरडतात. निधाना म्हणजे हळू. मी हळूच करतो, तरी नाकातोंडात पाणी जातं.

८ मार्च, रविवार

सासरी जेवलो. दर रविवारी जातोच.

हे एकदा लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच खोटं वाटेल. चंदना गेल्या वर्षी जानेवारीत घर सोडून गेली. तेव्हा तिच्या वडिलांची, अप्पासाहेबांची, बायपास होऊन तीनच महिने झाले होते. त्यांना धक्का नको म्हणून आम्ही दोघांनी मिळून सांगितलं की तिची शाळा जे. पी. नगरला आहे, व्हाइटफील्डहून रोज जाण्यायेण्यात चार तास मोडतात, म्हणून तिथे एक लहान घर घेतलंय. बंगळुरात हे कोणालाही खोटं वाटलं नाही. ट्रॅफिक म्हटलं की लोक च्च् च्च् करतात आणि आपलं रडगाणं सुरू करतात. आमचा मोडलेला संसार नुसता सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या चौकात अडकून पडलाय असं समजून अख्खं सासर सव्वा वर्ष शांत आहे.

अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई अंबुबाई, वाढताना म्हणाल्या, "अळियंद्रे, वाळलात हो. इकडे ती एकटी, तिकडे तुम्ही एकटे. कसलं मेलं हे गाव!" अळियंद्रे म्हणजे जावईबापू. चंदना आमटीत बघत होती.

त्या बायपासच्या वेळी मी काय नाही केलं? विमा, रक्त, खोली, कोण कधी थांबणार त्याचा तक्ता. डॉक्टरसुद्धा म्हणाले, असा जावई हवा. आणि तीन महिन्यांनी चंदना म्हणाली, "तू सगळं केलंस. माझ्याजवळ बसला मात्र नाहीस." मी वेळ काढून त्या तक्त्यात शोधलं. खरंच तसा रकाना नव्हता. पण नोकरी होती ना डोक्यावर. आता ती नसणार.

१९ मार्च, गुरुवार

उगादी, म्हणजे आपला पाडवा. चंदनाचा मेसेज आला, ‘सणाच्या शुभेच्छा. कडुनिंब-गूळ खाल्लास का?’ मी अकरा ओळी लिहिल्या. तिने अंगठा पाठवला. शाळेत घाईत असेल.

४ एप्रिल, शनिवार

तिचं एक कुरिअर चुकून माझ्याकडे आलं होतं, ते द्यायला गेलो. दारावर तिच्या एकटीचं नाव आहे. पोस्टमनच्या सोयीसाठी असेल. एक भिंत तिने पिवळी रंगवलीय, स्वतः. स्टुलावर चढून कशी पडता पडता वाचली ते सांगताना इतकी हसली की मला वाटलं, आपण नुकतेच भेटलोय. चहा छान झाला होता.

मग म्हणाली, "अप्पांचे सगळे रिपोर्ट चांगले आलेत. आता मी घरी सांगणार आहे."

मी म्हटलं, जूनअखेरपर्यंत थांब. का, ते विचारू नकोस, माझी ती शर्यत होऊ दे. "शर्यतीचंही एक्सेल केलं असशील ना?" तिने विचारलं. मी मोबाइलवर दाखवलं. हिरव्या रंगात झालेले सराव, लाल रंगात राहिलेले. तिने ते खालपर्यंत पाहिलं आणि फोन परत दिला. "बरं. जूनच्या शेवटापर्यंत. पण तू रविवारी जाणं कमी कर, उपेंद्र. त्यांना नंतर जड जाईल."

थांबते म्हणाली! जिला तोडायचंच आहे ती थांबेल कशाला? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ही तर चांगली फळी आहे. परतताना दीड तास सिग्नलला अडकलो आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

तलावात पहिला सराव. स्विमिंग पूलमध्ये तळाला निळी फरशी दिसते. तलावात हिरवट काळोख. शंभर मीटरवर छाती आवळली, हातपाय कुणीतरी धरल्यासारखे झाले. मी ओरडलो. सोबतच्या होडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि काठ येईपर्यंत सोडली नाही. रघुनंदनरावांनी टॉवेल दिला.

एक्सेलमध्ये ‘सराव पूर्ण’ लिहून हिरवं केलं. इथे खरं लिहितो. मी मरेन असं वाटलं आणि त्या क्षणी मनात आलं की मेलो तर चंदना माझी विधवा ठरेल, घटस्फोटित बायको नाही. असला विचार करणाऱ्या माणसाला थोबाडीत द्यायला हवी.

१८ मे, सोमवार

कालपासून अधिक महिना लागला. अम्मांचा सकाळीच फोन. "एकतीस तारखेला दोघं जेवायला यायचं. जावयाला दान द्यायचंय. मागच्या अधिकात तुम्ही अमेरिकेला, यंदा मी सोडणार नाही." तीन वर्षांनी येणारा महिना. जावयाला विष्णू मानून तेहेतीस अनरसे द्यायचे. त्या अनरशांना कज्जाय म्हणतात.

दुपारी चंदनाचा मेसेज. ‘अम्माला सांग की तुला पुण्याला जायचंय. तू येऊ नकोस. प्लीज. मी सांभाळते.’

‘बघतो’ असं कळवलं.

२९ मे, शुक्रवार

शेवटचा दिवस. केक आला, त्यावर माझं नाव ‘उपेन्द्रा’ झालं होतं. अभिमन्यूने भाषण केलं, त्यात तीनदा ‘जर्नी’ म्हणाला. लॅपटॉप दिला, ओळखपत्र दिलं. फाटकातून बाहेर पडताना रखवालदाराने सवयीने सलाम केला आणि मला अनावर रडू आलं. ज्या जागेला सोळा वर्षं शिव्या दिल्या तिच्यासाठी रडतोय, म्हणून आणखी रडलो. ऑटोवाल्याने आरशात पाहून विचारलं, "सर, यारादरू होगबिट्रा?" कोणी गेलं का. नाही म्हटलं.

३१ मे, रविवार

गेलो.

जायला नको होतं हे मला कळतं. पण दोघं एका ओळीत पाटावर बसू, तिच्या आईच्या हातचं औक्षण होईल, नऊ वर्षं काही अशीच पुसली जात नाहीत, असं वाटलं. दारात मला पाहून चंदनाचा चेहरा उतरला. अम्मांचा मात्र असा फुलला की मी बरोबर केलं असंच वाटलं.

पाटाभोवती रांगोळी होती. अप्पासाहेब परात घेऊन आले. बहात्तर वर्षांचे, छातीवर उभा व्रण, तरी गुडघे टेकून खाली बसले. "राहू द्या अप्पा," मी म्हटलं. "असं कसं? विधी आहे," ते म्हणाले आणि माझे पाय धुतले. अम्मांनी नव्या पंच्याने पुसले. मी पाय मागे घेतले नाहीत. मग चांदीच्या डब्यात तेहेतीस कज्जाय, वर तुपाचा दिवा. घेताना बायकोने नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. चंदनाने लावला. सोळा महिन्यांनी. गार होता.

वर एक शर्टाचं कापडही दिलं. "ऑफिसला शिवा," अम्मा म्हणाल्या. माझं ऑफिस परवाच संपलं होतं. मी वाकून नमस्कार केला.

निघताना चंदना खाली गाडीपर्यंत आली. "तुला येऊ नकोस म्हटलं होतं."

"अम्मांचं मन मोडवेना."

"अम्माचं मन? अप्पांनी गुडघे टेकून तुझे पाय धुतले, उपेंद्र. आणि तू धुऊ दिलेस."

मी काही बोलणार तेवढ्यात मागे गाडीवाल्याने हॉर्न लावून धरला. मला गाडी काढावी लागली.

घरी येऊन कज्जायांचा डबा उघडलाच नाही. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलंय. काहीच उरलं नसेल तर पाणी कशाला येईल?

४ जून, गुरुवार

तिने काल घरी सांगून टाकलं. जूनअखेरपर्यंत थांबणार होती. मला आधी विचारलंही नाही.

आज सकाळी अम्मांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "उपेंद्रराव, चंदी काहीबाही बोलतेय. कोर्ट म्हणते, तारीख म्हणते. मला काही उमजत नाही. तुम्ही सांगा. ट्रॅफिकमुळेच ना?"

मी बाल्कनीत येऊन उभा राहिलो. त्या बोलतच होत्या.

"मी शेजारी विचारलं. व्हाइटफील्डाहून मेट्रो आहे म्हणे थेट मॅजेस्टिकपर्यंत. तिथे एकदाच गाडी बदलायची. स्वल्प चालावं लागतं, एवढंच. मी तिला सांगू का? तुम्ही दोघं एका घरी राहा, ती मेट्रोने जाईल. नाहीतर मी येऊन राहते, डबा करून देते. म्हणजे तिला लवकर निघता येईल."

किती विचार करून ठेवला होता त्यांनी! मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ सांगतो, मेट्रोच्या नकाशावर बोट ठेवून ‘हो, एकदाच बदलायची’ म्हणायचं होतं.

"नाही अम्मा," मी म्हटलं. "ट्रॅफिक नव्हतं."

पलीकडून मिक्सरचा आवाज येत होता, शेजारच्यांचा असेल. मग त्यांनी विचारलं, "ऊटा आयता?" जेवलात का. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी जेवलो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

सोळा महिने मी त्यांच्या हातचं जेवलो आणि दर घासाला खोटं बोललो. आज दिवसभर जमिनीवर पडून होतो. सराव नाही.

१४ जून, रविवार

सलग दुसऱ्या रविवारी सासरी गेलो नाही. कुणी बोलावलंही नाही.

चंदनाला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, "माझी नको, त्यांची माग." मग मी म्हटलं, "२८ला ये. कनकपुरा रस्त्यावर आहे, सकाळी साडेसहा. एकदाच ये, मला काहीतरी सांगायचंय."

"आत्ता सांग ना."

"तिथेच."

ती म्हणाली, "बघते."

ती उगाच ‘बघते’ म्हणणारी नाही. येईल.

२८ जून, रविवार

पूर्ण केली. साडेसातशे, वीस, पाच. दोन तास अकरा मिनिटं. एकशे चाळीस जणांत एकशे सदतिसावा.

पहिल्या शंभर मीटरवर तीच आवळलेली छाती, तोच काळोख. होडी हाताशी होती. मी तोंड पाण्यात घातलं आणि सोडला श्वास. सगळा. मग दुसरा आपोआप आला. काठाला लागलो तेव्हा मागे फक्त दोन टोप्या दिसत होत्या. सायकलवर एका चढाला उतरून ढकलत चाललो. पळताना तिसऱ्या किलोमीटरला पिंडरीत गोळा आला, लंगडत गेलो. रघुनंदनराव शेवटच्या वळणावर उभे होते. "बंत, बंत! आलं, आलं!" असे दोन्ही भाषांत ओरडत ते माझ्याबरोबर पन्नास पावलं पळाले. त्या पन्नास पावलांत मी सुखी होतो. सुखी म्हणजे सुखीच, त्यात कोणाचा विचार नव्हता.

मग कमानीखालून गेलो, कुणीतरी गळ्यात पदक घातलं आणि मी गर्दीत बघायला लागलो.

वाक्य पाठ होतं. ‘चंदना, मी नोकरी सोडली.’ चारच शब्द. तिथे दीड तास उभा राहिलो. लोक बायकामुलांबरोबर फोटो काढत होते, मला दोनदा फोटो काढून द्यायला सांगितलं, दिले. शेवटी त्यांनी कमानीची हवा काढली. ती हळूहळू बसत गेली, मग दोन माणसांनी तिची घडी घातली. रघुनंदनराव म्हणाले, चला, मी सोडतो. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी जरा थांबतो.

अकरा वाजता मेसेज आला. ‘झाली का? लागलं नाही ना कुठे? मनापासून अभिनंदन. आज यायला जमलं नाही, अम्माला बरं नाहीये, आणि मी यावं असं मला वाटलंही नाही, खोटं कशाला बोलू. १६ला साडेदहाला कोर्ट आहे. वेळेवर ये, मला एक वाजता शाळेत पोचायचंय.’

गवतावर बसलो आणि पोरासारखा रडलो. एका बाईंनी केळं दिलं. त्यांना वाटलं, आनंदाने रडतोय.

९ जुलै, गुरुवार

वकीलबाई विद्या मॅडमना भेटलो. मी नाही म्हटलं तर? त्यांनी चष्मा काढला. "तर मग त्यांना भांडून घटस्फोट घ्यावा लागेल. तीन-चार वर्षं सहज जातात. तुमचा हक्क आहे तो."

तीन-चार वर्षं! बाहेर आलो तर पाय हलके झाले होते. जवळच्या एका दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, दोन डोसे खाल्ले, कित्येक दिवसांनी भूक लागली होती. चार वर्षं ती माझी बायको राहील. माणूस चार वर्षांत काय काय करू शकतो.

नोकरी गेली, ती आली नाही, आता हे एवढंच माझ्या हातात आहे. १६ला ‘नाही’ म्हणायचं ठरवलंय.

१६ जुलै, गुरुवार

लिहितो. कोर्टातून येऊन सहा तास झाले.

ती माझ्याआधी पोचली होती. बाकावर बसून मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होती, लाल पेनने. नीट बसली होती, पाठ ताठ. मला पाहून हसली, मान हलवली. मी दुसऱ्या टोकाला बसलो. खिशातला हात ‘नाही’साठी मूठ वळून तयार होता.

पुकारा झाला. लिहून घेणाऱ्याने कन्नडमध्ये नाव विचारलं, वय विचारलं, काम विचारलं. कागदावर जुनंच लिहिलेलं होतं, मी हो म्हटलं असतं तर झालं असतं. पण शपथ घेतली होती. "सध्या काही नाही," मी म्हटलं, "मेमध्ये नोकरी सोडली."

चंदनाने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी या घडीची चार महिने वाट पाहिली होती. तिच्या चेहऱ्यावर काय काय असेल याची रोज उजळणी केली होती. तिथे भीती होती. कागदावर एक आणि मी बोलतोय दुसरंच, म्हणजे आता हा काहीतरी मोडणार, हे तिने ओळखलं होतं. पेन धरलेला हात टेबलाखाली गेला. नऊ वर्षांत ती माझ्यावर चिडली, रडली, कंटाळली. मला घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुमची संमती स्वखुशीने आहे का, कोणाचा दबाव?

"स्वखुशीने," मी म्हटलं.

बाहेरच्या जिन्यावर तिने मला गाठलं. धाप लागली होती, वह्या छातीशी धरलेल्या. चेहरा मोकळा झाला होता, त्या पिवळ्या भिंतीजवळ होता तसा.

"खरंच सोडलीस नोकरी?"

"हो."

"आणि बोलला नाहीस! कशासाठी सोडलीस?"

पाठ केलेलं सगळं जिभेवर आलं. खालून शिपाई लोकांना बाजूला व्हा म्हणत होता. मी म्हटलं, "कंटाळा आला होता."

तिने माझ्या दंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत खरोखरचा आनंद होता. "किती बरं वाटलं ऐकून," ती म्हणाली. "एकदा तरी स्वतःसाठी काहीतरी केलंस, उपेंद्र."

मी हो म्हटलं. तिला एकच्या आत शाळेत पोचायचं होतं, ती घाईने जिना उतरून गेली.